परबची उलटी चड्डी

"सिस्टर, याचा पाय बघा. रविवारी शर्यत आहे आणि हा लंगडतोय," असं म्हणत लेबर ऑफिसर दवाखान्यात शिरले. त्यांच्यामागे विष्णू परब दाराची चौकट धरून उभा होता. आत यायची त्याची अजिबात इच्छा दिसत नव्हती.

मी तेव्हा लालबागच्या एका कापडगिरणीच्या दवाखान्यात नर्स होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. डॉक्टर सकाळी येऊन जायचे. मग दिवसभर कापलेली बोटं, डोळ्यात गेलेला कापूस, खोकला, चक्कर हे सगळं मी आणि कंपाउंडर मिळून निस्तरायचो. धावणारा पेशंट माझ्याकडे पहिल्यांदाच आला होता.

गिरण्यागिरण्यांत दरवर्षी लांब पल्ल्याची शर्यत व्हायची. लालबागहून निघायचं, दादरवरून माहीमपर्यंत जायचं आणि परत फिरून शिवाजी पार्कात संपवायचं. आमच्या गिरणीकडून चौघे धावणार होते. त्यात परब सगळ्यांत चपळ, पण तो बदली कामगार. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर येऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी आलं नसेल तर त्याच्या जागी काम मिळायचं, नाहीतर आल्या पावली घरी. परबचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि महिन्यातले निम्मे दिवस तो गेटवरूनच परत जात होता. लेबर ऑफिसरांनी त्याला शब्द दिला होता की पहिल्या तिनात आलास तर तुला कायम करायचं काम माझ्याकडे लागलं. माणूस शब्दाचा पक्का होता. म्हणून तर परब सकाळ-संध्याकाळ जीव तोडून धावत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाय मुरगळला."

कुठला, म्हटल्यावर त्याने आधी दोन्ही पायांकडे बघितलं आणि मग उजवा पुढे केला. मी घोटा चांगला दाबून पाहिला, फिरवून पाहिला. सूज नाही आणि चेहऱ्यावर रेषही हलली नाही. त्याला चार पावलं चालायला लावलं. ओल्या लंगोटातलं पोर चालतं तसा तो पाय फाकून चालला. मी लेबर ऑफिसरांना म्हटलं, तुम्ही जा, मी बघते. ते गेल्यावर परबला पडद्यामागे जाऊन चड्डी काढायला सांगितलं.

"सिस्टर, पाय मुरगळलाय ओ."

"मुरगळलेला पाय असा फाकत नाही. मी प्रसूतिगृहात नोकरी केलीय, मला काही नवीन दिसणार नाही. तुला लाज वाटत असेल तर तू डोळे मीट."

त्याने खरोखरच डोळे मिटले. मांड्यांच्या आतली कातडी दोन्हीकडून सोलून निघाली होती. बनियन वर केलं तर छातीच्या बोंडांवर रक्ताच्या खपल्या. याला आपण काचणं म्हणतो. नवा बूट टाचेला काचतो तसंच. लांब धावताना मांडीवर मांडी आणि अंगावर कापड हजारो वेळा घासतं. घामाने कातडी आधीच मऊ पडलेली असते, त्यात घाम सुकला की त्यातलं मीठ अंगावर राहतं आणि बारीक वाळूचं काम करतं. आजार काही नाही, पण आगीत पाय घातल्यासारखं होतं. धावणारा माणूस मग पाय फाकून टाकायला लागतो आणि त्याचा वेग जातो.

खात्यातल्या मित्रांनी त्याला गजकर्ण झालंय असं ठरवून नाक्यावरच्या जडीबुटीवाल्याकडचं जळजळीत मलम आणून दिलं होतं. त्याने ते उघड्या कातडीवर दोन रात्री लावलं. वर दुसऱ्या कोणीतरी सांगितलं म्हणून धावायच्या आधी टाल्कम पावडर थापली. पावडर कोरड्या अंगाला ठीक. भरपूर घाम आला की तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच घासतात. एवढं सोसून हा बाबा धावत होता, पण तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. मला राग आला आणि कीवही आली.

मलम, पावडर सगळं बंद केलं. कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करून जस्ताचं मलम लावलं आणि दोन दिवस धावणं बंद सांगितलं. पुढे धावायच्या आधी लावायला दवाखान्यातलं पिवळं पॅराफिन एका डबीत भरून दिलं. पॅराफिन म्हणजे व्हॅसलीनचंच भावंड. घामाने वाहून जात नाही आणि कातडीवरून कातडी सरकू देतं. बोंडांवर लावायला चिकटपट्टीचे तुकडे कापून दिले. माझ्या हिशेबाने प्रश्न मिटला होता.

गुरुवारी सकाळी तो धावला आणि दुपारी पुन्हा माझ्या दारात उभा. या वेळी मुरगळल्याचं नाव काढलं नाही. मी बघितलं तर भरत आलेली जखम पुन्हा उघडी पडली होती. पॅराफिन लावलं होतं का? लावलं होतं. चिकटपट्टी? होती, आणि छाती ठीकही होती. मग मांड्यांनी काय घोडं मारलं होतं? मी त्याला म्हटलं, ज्या चड्डीत धावतोस ती घेऊन ये.

संध्याकाळी चड्डी घेऊन त्याची बायको आली, सुमन. बारीक चणीची, सतत पदर सारखा करणारी. तिने पिशवीतून घडी काढून टेबलावर ठेवली. मी ती उलगडून सोडली तर चड्डी आपली आपण उभी राहिली. मला हसू आवरेना.

ती गिरणीच्याच पांढऱ्या ड्रिलची होती. ड्रिल म्हणजे पोलिसांच्या चड्डीला वापरतात ते जाड कापड. आपल्या गिरणीचे गडी आपल्याच मालात धावले पाहिजेत असा मॅनेजरसाहेबांचा हुकूम होता. आता नव्या कापडाला गिरणीतच खळ असते. सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला कांजी पाजतात. वर मालाला तकाकी यावी म्हणून आणखी एक हात देतात. गिऱ्हाइकाने बोटात कापड धरलं की ते करकरीत लागलं पाहिजे, ही आमच्याकडची रीत. पण दोनचार वेळा धुतलं की ही खळ निघून जाते. मग ही चड्डी अजून पत्र्यासारखी कशी?

सुमनला विचारलं तेव्हा उलगडा झाला. लेबर ऑफिसरांनी चौघांना बजावलं होतं की गिरणीचा कपडा आहे, कडक दिसला पाहिजे. म्हणून ती रोज चड्डी धुऊन भाताच्या पेजेत बुडवायची, वाळवायची आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची. रस्त्याने धावताना परबची चड्डी कशी कागदासारखी दिसते, असं सगळी चाळ म्हणायची.

"रोज एवढी पेज कुठून आणतेस?" मी सहज विचारलं.

"माझी असते ती सकाळची," ती म्हणाली. "मला काय, चहावर भागतं. ह्यांचं काम झालं पायजे."

ही बाई सकाळी उपाशी राहून नवऱ्याच्या चड्डीला पेज पाजत होती आणि तीच पेज त्याच्या मांड्या सोलत होती. तिला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. पण सांगितलं. ती पदराने डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस, तुझी चूक नाही. आपण सगळेच गिरणीवाले. कापड कडक म्हणजे चांगलं, हे आपल्या डोक्यात बसलेलं. उद्यापासून पेज तू प्यायचीस, ही दवाखान्याची ऑर्डर समज.

नशिबाने त्या रविवारी शिवाजी पार्कात संयुक्त महाराष्ट्राची मोठी सभा ठरली. मैदान मिळेना, म्हणून शर्यत पुढच्या रविवारवर गेली. लेबर ऑफिसर चिडले. मी मनातल्या मनात सभावाल्यांचे आभार मानले, कारण कातडी भरायला वेळ हवा होता.

चड्डी मी दवाखान्यातच ठेवून घेतली. ड्रेसिंगची फडकी उकळायच्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून ती दोनतीनदा उकळली. पहिलं पाणी तर सुमनच्या पेजेसारखंच दाट निघालं. कंपाउंडर नाक मुरडत होता. कापड जरा आटलं, पण शिंप्याने चड्डी ऐसपैस शिवली होती म्हणून निभावलं. आता ती हातात मऊ लागत होती. तरी मी आतून बोट फिरवलं तर दोन्ही पायांच्या मध्ये, जिथे चार शिवणी एकत्र येतात, तिथे जाड गाठ लागली. ती उसवली तर चड्डीच सुटली असती. मग मी सरळ चड्डी उलटी केली. शिवणी बाहेर, गुळगुळीत बाजू आत.

परबने ती उलटी घालून दोनदा माहीमपर्यंत फेरी मारली. मांड्या शाबूत. पण लेबर ऑफिसरांना कळलं तेव्हा ते तणतणत आले.

"उलटी चड्डी? मॅनेजरसाहेबांसमोर?"

"मॅनेजरसाहेब शर्यत बघायला येणार की चड्डी?"

"दोन्ही," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

त्यांना कातडी, मीठ, शिवण हे समजावण्यात अर्थ नव्हता. मी चड्डी त्यांच्यापुढे धरली. शिंप्याने कापडावरचा गिरणीचा शिक्का आतल्या बाजूला जाईल असं कापड बेतलं होतं. उलटी केल्यावर तो नेमका पाठीमागे, बैठकीवर आला होता. पक्की शाई, उकळूनही गेली नव्हती. मी म्हटलं, परब पुढे असेल तर मागच्या सगळ्या गिरण्यांना माहीमपासून शिवाजी पार्कापर्यंत आपलंच नाव वाचत यावं लागेल. त्यांनी चड्डी हातात घेऊन शिक्का नीट पाहिला. मग म्हणाले की बाकीच्या तिघांनी मात्र कडकच घालायची.

बाकीचे तिघे कडकच घालून धावले. मी त्यांनाही सांगून पाहिलं होतं, पण उलट्या चड्डीत चाळीसमोरून कोण जाणार? दोघे माहीमला बसले, तिसरा गडी पाय फाकत सगळ्यांत शेवटी आला. परब तिसरा आला. धापा टाकत माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याचे दोन्ही पाय अगदी सरळ पडत होते आणि मला फार बरं वाटलं. मॅनेजरसाहेबांनी शिक्का वाचला आणि खूश झाले. लेबर ऑफिसरांनी शब्द पाळला. महिनाभरात परब कायम झाला आणि गेटवर उभं राहायचं थांबलं.

पुढच्या वर्षी तो धावलाच नाही. आता कशाला, म्हणाला. आम्ही दोघं शर्यत सुटायच्या जागी बघायला उभे होतो. बघतो तर दुसऱ्या गिरण्यांचे चारपाच गडी उलटी चड्डी घालून ओळीत उभे! जिंकायचा तोडगा म्हणून ती युक्ती लालबागभर पसरली होती. चड्ड्या मात्र नव्याकोऱ्या, खळीने ताठ. दिसतं तेवढंच लोक उचलतात, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलंय.

मी काही बोलायच्या आत परब गर्दीतून पुढे घुसला. माझ्यापुढे डोळे मिटून उभा राहिलेला हा माणूस. त्याने भर रस्त्यात, शे-दोनशे लोकांसमोर त्या परक्या गिरणीच्या पोरांना ओरडून सांगितलं, "अरे, मांड्या सोलतील तुमच्या! खळ काढली का आधी?"

लोक हसले. तो हसला नाही. शिट्टी व्हायला अजून थोडा वेळ होता. परबने माझ्यासमोर हात पुढे केला आणि मी आमच्या गड्यांसाठी पिशवीत आणलेली पॅराफिनची डबी त्याच्या हातावर ठेवली.