वीतभर नळी

बंदुकीची नळी किती कापली की तिचं पिस्तूल होतं, सांगू शकाल? नाही ना? मग चाचांना हसू नका.

चाचा रत्नागिरीकडचे, इकडे आखातात सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर. दर शुक्रवारी मासळी घेऊन ते उम्म अल हस्सममध्ये आम्हा मराठी पोरांच्या खोलीवर येत. बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवत. कुकरचं हँडल, दाराची कडी, सगळं न विचारता दुरुस्त. "लोखंडाचं दुखणं अंगावर काढू नये," म्हणत.

हाच स्वभाव त्यांना नडला. रानडुकरांपासून भात राखायला गावी वडिलांची ठासणीची बंदूक होती, रीतसर परवान्याची. रजेवर गेले तेव्हा नळीचं तोंड गंजून फाटलेलं दिसलं. चाचांनी वीतभर नळी कापून टाकली, कड कानशीने घासून गुळगुळीत केली आणि परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक स्वतःच ठाण्यात नेली. वर साहेबांना म्हणाले, "बघा, कशी नवी केली!" साहेबांनी ती जप्त केली. खटला उभा राहिला.

रजेवरून परतल्यावर चाचा खोलीवर सांगू लागले, "साहेब म्हणतो, आखूड नळी लपवता येते. अरे, कापल्यावरही माझ्या छातीला लागते ती! लपवू कुठं, लेंग्यात?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. "तिकडं भाऊ रात्रभर डबे बडवतो. बंदूक मफी, हातात काहीच नाही, भात खलास."

नेमका नियम काय, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. वकील म्हणे, "तुम्हाला नाही कळायचं." मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला, माझं डोकंच फिरलं. मुंबईहून कायद्याचं पुस्तक मागवलं आणि त्या गुंतागुंतीच्या इंग्रजीशी झटापट करून चाचांना मराठीत सांगितलं : परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे.

"एवढंच? मग परवाना देताना हे सांगायला तोंड दुखत होतं त्यांचं? मी करवत उचलली असती काय?"

तारखांना हजर राहण्यासाठी अखेर त्यांनी नोकरी सोडली, व्हिसा रद्द झाला. विमानतळावर म्हणाले, "बंदूक सुटेल, इंशाल्ला. तोवर घरोघरी जाऊन सांगतो, बाबांनो, नळीला हात लावू नका."

म्हणजे सरकारचं काम आता चाचा करणार, तेही आरोपी म्हणून!

या रजेत गावी जाल तेव्हा आपल्या ठाण्यात जा. बंदुकांचे नियम मराठीत, मोठ्या अक्षरांत, भिंतीवर लावा अशी लेखी मागणी करा. साहेब हसले तर त्यांना चाचांचा प्रश्न विचारा : परवाना देताना हे का नाही सांगितलं? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.