पडलेल्या प्लगांचा डबा

मिस्त्रींना सगळे मिलिमीटर म्हणत, आणि तेही तोंडावर. नवा स्पार्क प्लग खोक्यातून काढावा, इंजिनात फिरवून बसवावा, गाडी सुरू करावी, अशी बाकी जगाची समजूत. मिस्त्रींची नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीखाली लाकडी बाक होता. त्यावर ते चारही नवे प्लग ओळीने मांडत, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत आणि खिशातून फीलर गेज काढत. फीलर गेज म्हणजे पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, पंख्यासारखा उघडणारा, पात्यापात्यावर मिलिमीटरात जाडी कोरलेली. प्लगच्या टोकाशी मधला खांब असतो आणि त्याच्यावर वाकलेली एक पट्टी. दोघांमधल्या फटीतून ठिणगी उडी मारते. उडी किती लांबीची, ते पात्याने ठरवायचं.

"अहो मिलिमीटर, कंपनीतूनच सेट होऊन येतात की ते," एखादं घाईतलं गिऱ्हाईक म्हणायचं.

"येतात ना. मग ट्रकमध्ये आदळतात, दुकानदाराच्या फळीवरून घरंगळतात. ते सांगायला कंपनीत कोणी गेलं होतं का?"

पातं फटीत घालून हलकेच ओढायचं. सैल निघालं तर फट मोठी, अडलं तर लहान. बरोबर असेल तर पातं बोटांना किंचित धरतं, मिटलेल्या वहीतून एखादा सुटा कागद ओढावा तसं. हे धरणं दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ते फक्त अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला कळतं. मिस्त्रींच्या बोटांना ते पस्तीस वर्षं कळत आलं होतं.

त्यांचा दुसरा नियम फळीवरच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात राहत होता. हातातून खाली पडलेला प्लग, नवा कोरा असला तरी, त्या डब्यात जायचा, गाडीत नाही. प्लगचं पांढरं अंग चिनीमातीचं. त्याला केसाएवढी चीर गेली तरी डोळ्यांना दिसेलच असं नाही. उभ्या गाडीत इंजिन मजेत गुणगुणतं. चढावर ओढ पडली, की ठिणगी फट सोडून त्या चिरेतून पळ काढते आणि इंजिनाचा ठोका चुकतो. पस्तीस वर्षांत डब्यात अकरा प्लग साठले होते.

गेल्या दोन महिन्यांत आणखी सतरा पडले.

सुरुवात चहाच्या कपापासून झाली. एका सकाळी मिस्त्री गरम कप दोन्ही हातांनी धरून पेपर वाचत बसले होते. त्यांची बायको, साऱ्या गल्लीच्या काकू, समोरून म्हणाल्या, "अहो, भाजत नाही का?" तेव्हा त्यांनी बोटांकडे पाहिलं. बोटं लाल झाली होती आणि त्यांना काही म्हणायचं नव्हतं. त्या दिवशी शेडमध्ये मिस्त्रींनी अंगठ्यात टाचणी रुतवून पाहिली. रक्ताचा थेंब आला, टोचल्याची बातमी आली नाही.

मग त्यांनी डोळ्यांवर काम भागवायला सुरुवात केली. प्लग खिडकीच्या उजेडात धरायचा, फटीतून येणारी प्रकाशाची रेघ पाहायची आणि अंदाजाने पट्टी ठोकायची. पातं घालायचे ते गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. डॉक्टरकडे गेले नाहीत. घरात बोलले नाहीत. बोलणार कसे? लेक दोन वर्षं मागे लागली होती, "बाबा, पुरे झालं आता. शेड बंद करा आणि माझ्याकडे या." तिला त्यांनी जेवता जेवता, ताटावरची मान न उचलता सांगितलं होतं, "ज्या दिवशी बोटाला कळेनासं होईल, त्या दिवशी मीच कुलूप घालीन. तुला सांगावं लागणार नाही."

काकू दर आठवड्याला फळी पुसत. डबा उचलला की तो जड लागायचा, आणि दर खेपेला आदल्या खेपेपेक्षा जास्त. त्यांनी विचारलं नाही. नवऱ्याला कधी विचारावं आणि कधी नुसतं पुसून ठेवून द्यावं, याचा त्यांचाही एक अंदाज होता.

त्या दिवशी अकराला लेक आपल्या लाल गाडीतून आली, नव्या प्लगांचं खोकं घेऊनच. ती पलीकडच्या गावात दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. बाराला तिची ड्यूटी होती आणि रस्त्यात रेल्वेचं फाटक होतं.

"बाबा, अर्ध्या तासात होईल ना? आणि मोजमाप थोडक्यात आवरा हं."

"रक्त तपासताना तू थोडक्यात आवरतेस का?"

"माझ्याकडे मशीन आहे."

"माझ्याकडे मी आहे," मिस्त्री म्हणाले, आणि पहिला प्लग उचलला.

पहिले दोन प्लग झाले. लेक दाराशी उभी राहून फोनवर बोलत होती, पाठ शेडकडे. तिसरा प्लग मिस्त्रींनी उजेडात धरला. धरला आहे असं त्यांना वाटत होतं. मग बोटांमध्ये नुसता उजेडच उरला आणि बाकाखाली टक् असा आवाज झाला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंनी विचारलं, "काय पडलं हो?"

"पाना."

मिस्त्री वाकले. प्लग बाकाखाली अंथरलेल्या तेलकट पोत्यावर पडलेला दिसला. आधी पोत्यावर पडला, की फरशीवर आपटून पोत्यावर उडाला? त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. पांढरं अंग खालून, लोखंडी कडेपाशी, काळ्या तेलाने माखलं होतं. पुसून पाहावं एवढा एक क्षण त्यांच्या हातात होता. मान वर केली तर लेक फोन बंद करून इकडेच येत होती.

डबा डोक्यावरच्या फळीवरच होता. प्लग त्यात टाकला असता तर त्याच्या जागी नवा आणायला दुकान गाठावं लागलं असतं, लेकीची ड्यूटी चुकली असती, तिने डब्यात डोकावून पाहिलं असतं आणि एकोणतीस प्लग मोजले असते. तिला मोजता येत होतं. शेवटी ती त्यांचीच लेक.

पोत्यावरच पडला, मिस्त्री मनाशी म्हणाले, आणि प्लग गाडीत बसवला.

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. लेकीने काच खाली केली. "बघा, कशी गातेय. उगाच नाही मिलिमीटर म्हणत." मिस्त्री हसले. गाडी वळणाआड गेली तरी ते तसेच उभे होते, हात पाठीमागे घेऊन, शाळेत छडी चुकवणाऱ्या मुलासारखे.

पंधरा मिनिटांनी काकू केरसुणी घेऊन शेडमध्ये आल्या. शेड झाडायची त्यांची ही वेळ नव्हती. बाकाखालून केरसुणी फिरवली, केर सुपलीत घेतला, त्यातून बोटाच्या चिमटीने काहीतरी उचललं आणि तळहात नवऱ्यापुढे धरला. तांदळाच्या कणीएवढा पांढरा टवका होता. एक बाजू गुळगुळीत, चकचकीत.

"हा कुठल्या पान्याचा?" काकू म्हणाल्या.

मिस्त्रींनी चष्मा नाकावर ओढला.

"चाळीस वर्षं कपबश्या फुटताना ऐकतेय मी. तो पाना नव्हता. पण पोरीसमोर तुम्हाला खोटं कसं पाडू, म्हणून गप्प बसले." त्यांचा आवाज खाली आला. "मीही चुकले."

मिस्त्रींनी लेकीला फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. ती उचलणार नव्हती. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, आणि ती बापाची शिकवण न मोडणारी पोरगी. पुढे सपाट रस्ता होता, आणि मग फाटक. रूळ उंचावर. तिथे वर जायला दीड गाडीएवढा उभा चढ आणि चढ संपतो तो थेट रुळांवरच. ओढ पडायला या सगळ्या रस्त्यात तेवढी एकच जागा होती.

"फाटकवाल्याचा नंबर आहे ना तुमच्याकडे?" काकू म्हणाल्या. फाटकवाल्याची मोटारसायकल दुरुस्तीला मिस्त्रींकडेच असायची.

मिस्त्रींची बोटं आकड्यांवरून घसरली. एकदा, दोनदा. काकूंनी फोन काढून घेतला, नंबर लावला, त्यांच्या कानाला धरला.

"बोला मिलिमीटर."

"माझ्या लेकीची लाल गाडी येईल. तिला चढावर येऊ देऊ नकोस. खालीच थांबव."

"का हो, रुसून निघालीय का माहेरून?"

"गाडी बंद पडेल. प्लग खराब बसलाय."

फाटकवाला मोकळा हसला. "तुम्ही बसवलेला? मस्करी करता का म्हाताऱ्याची? हे बघा, आठ मिनिटांत मालगाडी आहे, मला सिग्नल–"

"पडलेला प्लग घातलाय मी," मिस्त्री म्हणाले. काकू फोन धरून अगदी जवळ उभ्या होत्या. "माझ्या बोटांना काही कळत नाही. दोन महिने झाले. हातात काय आहे तेच कळत नाही मला."

पलीकडचं हसू थांबलं. मग फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, आणि पळत गेलेल्या चपला.

शेडमध्ये दोघं उभी होती. फोनमधून वारा येत होता. मग लांबून एक इंजिन, धड न चालणारं, घशात खाकरल्यासारखं. त्याला मिस्त्रींनी लगेच ओळखलं. फाटकवाला ओरडला, काय ते समजलं नाही. इंजिन खाकरलं आणि गप्प झालं. मग घंटी, आणि तिच्यामागून मालगाडी. डब्यांमागून डबे, संपता संपेनात. काकूंनी नवऱ्याचं मनगट धरलं. ते धरलं गेल्याचं मिस्त्रींना पाहूनच समजलं.

"बाबा?" लेकीचा आवाज आला. "फाटकवाल्या काकांनी लाल झेंडा घेऊन अंगावरच उडी मारली माझ्या. गाडी अर्ध्या चढावर अडखळली आणि बंदच पडली, मागे घरंगळत खाली आले. तुम्हाला कसं कळलं?"

"तिसरा प्लग. पडला होता."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी बसने जाते," ती म्हणाली. "संध्याकाळी येईन. तोवर शेडला कुलूप लागलेलं असू दे."

मिस्त्रींनी कुलूप घेतलं खरं, पण लावलं नाही. कामाची वही बाकावर ठेवून उघडली. कोणती गाडी, कोणत्या तारखेला, फट किती. दोन महिन्यांत नऊ गाड्यांना नवे प्लग. नऊच्या नऊ गाड्यांपुढे त्यांच्या सुबक अक्षरात आकडे होते, आणि एकही आकडा मोजलेला नव्हता.

काकू नंबर लावत गेल्या, मिस्त्री बोलत गेले. गाडी चढावर नेऊ नका. चूक माझी आहे. हो, माझीच. बहुतेकांना आधी पटायचंच नाही. आठ जणांनी फोन उचलला. नववी गाडी म्हणजे शाळेची व्हॅन होती. तिचा फोन वाजत राहिला.

पाऊण वाजला होता. शाळा सुटली होती.

"रोज कुठून येते ती?" मिस्त्रींनी विचारलं.

"कोपऱ्यावरच्या टाकीच्या चढावरून. आता येईलच."

मिस्त्री घरातल्या चपलांवरच निघाले. कोपऱ्यावर पोहोचले तेव्हा चढाच्या तळाशी पिवळी व्हॅन वळत होती, खिडक्यांतून दप्तरं आणि हात बाहेर. समोरून त्याच अरुंद उतारावर एक पाण्याचा टँकर यायला लागला होता. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि ऐकलं. कान अजून शाबूत होते.

व्हॅन चढाला लागली. तीन ठोके, आणि चौथ्याच्या जागी काहीच नाही. पुन्हा तीन, आणि काहीच नाही.

मिस्त्री दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध, टँकरच्या दिशेने चालायला लागले.