गळ्यातला लाल एल

मॅनेजरने लाल ‘एल’ची पाटी सुतळीने माझ्या गळ्यात अडकवली. नवशिके गाडीच्या काचेला लावतात ना, तीच. नाश्त्याला बसलेले पाहुणे हातातला उंडा पाव हातातच ठेवून बघत राहिले. एका बाईने फोटो काढला. मी हसलो. घाबरलेला माणूस आधी हसतो, हे मला माझ्याच तोंडावरून कळलं.

अर्धं आयुष्य मी डिचोलीच्या खाणींवर खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या तेव्हा पेडण्यातल्या या समुद्रकाठच्या हॉटेलात ड्रायव्हर म्हणून लागलो. कच्चाच, कायम नाही. मॅनेजर रोज सकाळी रांगेत उभं करून इंग्रजी विचारायचा. चुकेल त्याने दिवसभर पाटी घालायची. चुकायचो आम्हीच. ड्रायव्हर, माळी, भांडी घासणाऱ्या बायका. रिसेप्शनवरच्यांना तो विचारतच नसे.

मोठ्या शब्दांची मला भीती नव्हती. भीती बारक्यांची. अप, ऑफ, आउट, ओव्हर. ‘रन इनटू’ म्हणजे कोणी वाटेत अचानक भेटला. ‘रन ओव्हर’ म्हणजे तोच चाकाखाली. ड्रायव्हरने यात गल्लत केली तर गाडीत बसणार कोण? आपल्याकडे ‘आण’ म्हटलं की आण. तिथे ‘पिक’ एका टोकाला, ‘अप’ दुसऱ्या. पाहुण्यांचं नाव घेतलं तर ते ‘अप’च्या अलीकडे बसवा नाहीतर पलीकडे. नुसतं ‘देम’ म्हटलं की मात्र मधेच, मागच्या सीटवर दोन जाड्या माणसांत अडकलेल्या पोरासारखं. मोपा विमानतळाच्या रस्त्यावर रिकाम्या गाडीत मी हे मोठ्याने घोकायचो. बायको म्हणायची, “झोपेत अप-ऑफ करतास. तुमी गाडी चालवतास काय शाळेत जातास?”

मग ती सकाळ. विमानतळावरून एक कुटुंब आणायचं होतं. मॅनेजरने मलाच विचारलं. आधी मनात जुळवलं, मग बोललो.

“आय विल पिक देम अप ॲट टेन.”

बरोबर होतं. रिसेप्शनवरच्या मुलीची मान नकळत हलली, ती मी पाहिली.

“बहुत सोचता है,” मॅनेजर म्हणाला. “पाटी पहन. आज एअरपोर्ट भी ऐसे ही जाना.”

रांग हसली. मीही सवयीने तोंड उघडलं. हसू आलंच नाही.

बरोबर बोललो तरी पाटी. म्हणजे ही शाळा नव्हतीच कधी. त्याला उत्तर नको होतं, गळा हवा होता. आणि मोपाला उभे असलेले टॅक्सीवाले सगळे खाणीवरचे. माझ्या ट्रकच्या मागे ट्रक लावणारे.

शेजारी उभा माळी, माझ्याच वयाचा, हळूच म्हणाला, “घाल मरे. एका दिसाची गजाल. नोकरी गेली तर काय खातलस?”

खोटं नव्हतं त्याचं. त्याच महिन्यात मला कायम करणार होते. घरात दुसरी मिळकत नाही.

पाय लटपटत होते. शूर माणसाचे लटपटत नाहीत म्हणतात. माझे तर विजार हलेल इतके. मॅनेजरने पुढे केलेली पाटी मी हातात घेतली आणि टेबलावर पालथी ठेवली.

“सर, गाडी मी चालवणार. पाटी घालणार नाही.”

मराठीतच बोललो. इंग्रजी जुळवायला धीर नव्हता.

त्याने चावी मागितली. दिली. गाडी दुसऱ्याने नेली. मला गेटवर उभं केलं, तुझं काय करायचं ते ठरवतो म्हणाला. अजून ठरवतोच आहे. कायम होण्याचं पुढे कोणी नाव काढलेलं नाही.

रोज सकाळी मी रांगेत उभा राहतो. भीती तीच. इंग्रजी शिकतोच आहे, ती काही त्याच्या बापाची नाही. चुकलो तर पुन्हा बोलेन. काढून टाकलं तर घरी जाईन. पण ती पाटी माझ्या गळ्यात येणार नाही. आणि माळ्याच्या, नाहीतर भांडीवाल्या बाईच्या गळ्यात जायला लागली, तर मधे माझा हात असेल. थरथरत असेल. पण असेल.