क्लायंटची खुर्ची

“तू ये गं. तुझ्याकडे मटेरियल आहे.”

मॅडम असं म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची मधोमध ओढली. क्लायंटची खुर्ची. समुपदेशनाच्या कोर्सला आम्ही एकमेकांवरच सराव करायचो. एकानं समुपदेशक व्हायचं, एकानं क्लायंट. बाकीच्यांनी गोल बसून बघायचं. पाळीपाळीनं करायचं असं पहिल्या दिवशी ठरलं होतं. पण नगरच्या त्या हॉलमध्ये पाळी फिरून फिरून माझ्यावरच यायची. वर्गातल्या सायलीला सासूचा त्रास होता, तो मॅडमना अळणी वाटायचा. माझं आयुष्य चमचमीत.

मी समुपदेशक व्हायला आले होते. आमचं गाव खर्ड्याच्या पलीकडं. तिथं बाया विहिरीच्या काठावर जाऊन बसतात आणि त्यांचं ऐकायला कुणी नसतं. त्यांच्यासमोर बसायचं, एवढ्यासाठी मी दर रविवारी एसटीनं यायची.

त्या दिवशी विषय होता सेल्फ अवेअरनेस. स्वतःला ओळखल्याशिवाय दुसऱ्याचं ऐकता येत नाही, असं मॅडम सांगायच्या. खरंच आहे ते. सायली समुपदेशक झाली. तिनं विचारलं, “लहानपणीचं काय आठवतं?”

मी साडी सांगितली.

आम्ही ख्रिस्ती. पणज्यानं बाप्तिस्मा घेतला. देव बदलला, वस्ती गावाबाहेरच राहिली. आई पाटलांच्या रानात कांदे काढायला जायची. दिवाळीला पाटलीणबाई तिला जुनी साडी द्यायच्या. त्या देण्याची एक रीत होती. साडी तशीच घरी न्यायची नाही. तिथंच अंगणात, अंगावरच्या साडीवरून नेसायची आणि गोल फिरून दाखवायची. ओट्यावर त्यांच्या जावा, नणंदा बसलेल्या.

“फिर गं. मागनं दाव.”

आई फिरली.

“आता शोभती बघ पाटलीण!”

सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली. मी तिचा पदर धरायला गेले, तर दोन पदरांतला तिचा कोणता, तेच मला कळेना. नाताळला चर्चमध्ये ती तीच साडी नेसून आली. गाणी म्हणताना मी तिच्याकडं बघितलं नाही.

आईचं ते हसू मला सोडत नाही. तोंड हसतं, नजर जमिनीला. कॉलेजात, कामावर, कुणी टाकून बोललं की माझ्या तोंडावर ते येऊन बसतं. मी बोलावत नाही. आलंय हे मला समोरच्या माणसावरून कळतं, कारण तो एकदम निवांत होतो. माझ्या अंगात दुसरीच कुणीतरी बाई राहते असं वाटून मला भीती वाटते.

मी थांबले तेव्हा हॉलमध्ये रुमाल निघाले होते. मॅडम म्हणाल्या, “बघा, इतकं सोसून किती गोड हसते ही.” मग चर्चा सुरू झाली. मी तिथंच बसलेली. तरी सगळे ‘ही क्लायंट’ म्हणत होते, ‘क्लायंटची आई’ म्हणत होते. सायलीनं विचारलं, “आईमध्ये प्रतिकार का नसेल?” मॅडमना प्रश्न फार आवडला.

चहाच्या वेळी मी हात धुऊन परत आले. सायली दाराकडं पाठ करून उभी होती. तिनं ओढणी कमरेला गुंडाळली आणि गोल फिरली. “फिर गं, मागनं दाव!” आजूबाजूचे हसले. फिरता फिरता तिला मी दिसले.

आणि मी हसले.

जीभ हासडून टाकावी असं झालं मला. स्वतःची. तेवढ्यात मॅडम कप घेऊन जवळ आल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या रविवारी आईलाच घेऊन ये ना. ग्रुप तिच्यासोबत सेशन करेल. तिलाही मोकळं वाटेल, सगळ्यांना शिकायलाही मिळेल.”

मला हॉल दिसेना. गोल मांडलेल्या खुर्च्या दिसल्या आणि मधोमध आई. हे विचारतील, ती सांगेल. हे म्हणतील अजून सांगा, ती अजून सांगेल. आणि मधून मधून हसेल.

“न्हाई,” मी म्हणाले.

वर्गात मी फार जपून शुद्ध बोलायची. त्या दिवशी नाही जपलं.

“आई येनार न्हाई. आन मी बी आता त्या खुर्चीत बसनार न्हाई. आज तुमी बसा मॅडम. तुमच्या घरनं जुन्या साड्या कुनाला जात हुत्या, कशा जात हुत्या, ते सांगा. मी ऐकते.”

मी हातानं माझं तोंड चाचपलं. हसू नव्हतं.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “तू डिफेन्सिव्ह होतेयस. तुझी तयारी नाही अजून. आधी स्वतःवर काम कर, मग प्रॅक्टिकलच्या सहीचं बघू.”

“त्येच तर करतीया,” मी म्हणाले.

सही अजून मिळालेली नाही. आई फोनवर विचारते, कोर्स कुठवर आला? मी सांगते, चालू हाय. रविवारी जाते आणि समुपदेशकाच्या खुर्चीत बसते. मॅडम ऊठ म्हणतात, मी उठत नाही. समोर येऊन बसायला कुणी तयार होत नाही. सायलीसुद्धा नाही. राहू दे ती खुर्ची रिकामी.

सही मिळो, न मिळो, गावाकडच्या बायांसमोर मी बसणार आहे. दार लावून बसणार आहे. आत ती आणि मी, तिसरं कुणी नाही. ती जे बोलेल ते तिचंच राहील. कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं आपल्या घरात काय घडलं ते आधी सांगावं. माझ्या बायांच्या जिवावर मी कुणाला शिकू देणार नाही.