व्हेनिसच्या कालव्यात, छातीइतक्या पाण्यात

मला पोहता येत नाही, एवढी साधी गोष्ट मुलीसमोर कबूल करायला मला हॉर्नबीहून थेट व्हेनिसला जावं लागलं.

हॉर्नबी म्हणजे क्राइस्टचर्चचं एक उपनगर. तिथे मी पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. पाणी इकडून तिकडे कसं न्यायचं हे मला कळतं, फक्त त्यात स्वतः कसं जायचं ते कळत नाही. यात माझा दोष कमी आणि मामाचा जास्त. मी आठ वर्षांचा असताना त्याने माझ्या पाठीला सुका भोपळा बांधून मला विहिरीत सोडलं. भोपळा लगेच वर आला. मी आलो नाही. गाठ सुटली होती. मामाने उडी मारून माझे केस धरले आणि मला वर काढलं (तेव्हा धरण्याइतके केस होते). त्यानंतर मी बादलीपेक्षा मोठ्या पाण्याशी संबंध ठेवला नाही.

पुण्यात हे खपून गेलं. न्यूझीलंडमध्ये ते अवघड झालं. इथे ज्याला त्याला पोहता येतं. माझी मुलगी रेवा शाळेत पोहायला शिकली. उन्हाळ्यात किनाऱ्यावर गेलो की ती टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, चढवून सरळ पाण्यात शिरायची आणि तिथून हाक मारायची, "बाबा, कम इन!"

"मला कानाचा त्रास आहे गं," मी टॉवेलांच्या ढिगाशेजारी बसून सांगायचो. "पाणी गेलं की ठणकतो."

हा कान चार वर्षं ठणकत होता. बायको, मुग्धा, अधूनमधून विचारायची, "एकदा डॉक्टरला दाखवू या का तो कान?" पण मुलांसमोर तिने मला कधी उघडं पाडलं नाही.

व्हेनिसची कल्पना तिचीच. "मुलं लहान आहेत तोवर जाऊ या, अभय. नंतर ती आपल्याबरोबर यायची नाहीत." मी राजस्थान सुचवलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. जुलैच्या सुट्टीत आठ वर्षांची रेवा, चार वर्षांचा मल्हार आणि त्याची बग्गी, म्हणजे बाबागाडी, असे आम्ही व्हेनिसला पोहोचलो.

त्या गावात मोटारी नाहीत. पूल आहेत, आणि प्रत्येक पुलाला दोन्हीकडे पायऱ्या आहेत. मी दोन दिवस मल्हारसकट बग्गी उचलून त्या चढलो-उतरलो. बोटीच्या बसमध्ये मी बरोबर मधोमध उभा राहायचो, खांबाला मिठी मारून. रेवाला गोंडोल्यात बसायचं होतं.

"रांग फार मोठी आहे," मी म्हणालो.

रांगेत तीन माणसं होती. त्यातला एक नावाडी होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका अरुंद, शांत कालव्याच्या काठावर बसून पिझ्झा खात होतो. काठावरून दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. ओहोटी होती, त्यामुळे खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवर हिरवंगार शेवाळ होतं. मल्हार मुग्धाच्या मांडीवर बसून पाय हलवत होता. हलवता हलवता त्याचा एक जांडल (तिकडे रबरी चपलेला जांडल म्हणतात) सुटला, तीन पायऱ्या उड्या मारत गेला आणि शेवटच्या पायरीवर थांबला.

"माय जांडल," मल्हार म्हणाला आणि ओठ बाहेर काढले.

"राहू दे अभय," मुग्धा म्हणाली. "दुसरे घेऊ."

"चार पायऱ्या तर आहेत."

माझ्या नावाचा अर्थ ज्याला भय नाही असा होतो. आईवडिलांनी ते पुरेशी चौकशी न करता ठेवलं. पण मुलं बघत होती, आणि चार वर्षं पाण्याला टाळणाऱ्या बापाला पाण्याच्या काठाशी जाऊन काहीतरी आणून दाखवायची ती एक स्वस्तातली संधी होती. तिसऱ्या पायरीपर्यंत मी गेलो. चौथी पायरी माझ्या बुटाखालून निघून गेली.

पाणी कोमट होतं, एवढं आठवतं. मग नाकातोंडात गेलं आणि मी पुन्हा त्या विहिरीत होतो. मी हातपाय झाडले, वर आलो, "वाचवा" म्हणून ओरडलो (इटलीत, मराठीत), पुन्हा खाली गेलो. पुन्हा वर आलो तेव्हा समोरच्या खिडकीतून एक म्हातारी बाई दोन्ही हात वरखाली करत मला काहीतरी सांगत होती. एक गोंडोला थांबला होता. त्यातले प्रवासी माझ्याकडे पाहत होते, पण कोणी हालचाल करत नव्हतं. माणसं इतकी निर्दय कशी, असा विचार मरतानाही माझ्या मनात येऊन गेला.

मुग्धा मल्हारला कडेवर घेऊन पायऱ्यांकडे धावली, पण तिच्या आधी रेवा उठली होती. ती खाली उतरली नाही. वरच्या कोरड्या पायरीवर तिने गुडघे टेकले, आमची पाण्याची मोठी रिकामी बाटली उचलली आणि नेम धरून माझ्याकडे फेकली. बुडणाऱ्याच्या मागे उडी मारायची नाही, तरंगणारं काहीतरी फेकायचं, हे तिला शाळेत शिकवलं होतं. नेम उत्तम होता. बाटली माझ्या कपाळावर बसली.

मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. तेव्हा रेवा बोलली. घरी मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते. त्या दिवशी मात्र तिने मराठीत सांगितलं, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून.

"बाबा. पाय खाली टाक. उभा राहा."

मी पाय खाली टाकले. चिखल लागला. मी उभा राहिलो.

पाणी माझ्या छातीपर्यंत होतं.

खिडकीतल्या बाईने हात जोडून आभाळाकडे पाहिलं. गोंडोला पुढे निघाला. जांडल माझ्यासमोरून संथपणे पुलाखाली गेला, आणि मल्हार कौतुकाने म्हणाला, "मम्मा, माय जांडल कॅन स्विम."

मुग्धाने मला हात देऊन वर काढलं. ती हसेल असं मला वाटलं होतं, पण तिने माझी ओली बाही कितीतरी वेळ सोडलीच नाही. (हसली ती नंतर, विमानात, सलग.) रेवा तिथेच गुडघे टेकून बसली होती. मी शेजारी बसलो.

"रेवा, मला पोहता येत नाही. कानाला काही झालेलं नाही."

"आय नो."

"कधीपासून?"

"लाइक, हीप्स ऑफ टाइम. यू नेव्हर गो पास्ट युअर नीज." मग तिने माझ्या शर्टावरचं शेवाळ काढलं. "तुला वाईट वाटलं असतं ना, म्हणून मी नाही विचारलं."

मी चार वर्षं तिच्यापासून लपवत होतो, आणि ती ते माझ्यापासून लपवत होती. तिची लपवाछपवी जास्त चांगली होती, कारण तिला स्वतःची लाज झाकायची नव्हती. मी तिचे हात धरून बसलो. मग तिने विचारलं, "आता गोंडोला?" आणि आम्ही बसलो. नावाड्याने माझ्या कपड्यांकडे पाहिलं आणि मला खाली फळीवर जागा दिली. तीही मधोमध.

हॉर्नबीला परतल्यावर मी पोहण्याच्या तलावावर मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. दर शनिवारी सकाळी रेवा माझ्याबरोबर येते आणि काठावर बसते, टॉवेल सांभाळत. पहिला महिना मी तोंड पाण्यात घालायला शिकलो. दुसरा महिना ते बाहेर काढायला.

गेल्या शनिवारी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की आज उताणं पोहत तलावाची रुंदी पार करा. मी भिंतीला पाय लावून स्वतःला ढकललं, डोळे मिटले आणि हातपाय मारत राहिलो. पाणी तोंडावर आलं, तरी थांबलो नाही. दम संपत आला तेवढ्यात डोकं भिंतीला आपटलं. मी कठडा धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्यातून पलीकडे पोहोचलो होतो. डोळे भरून आले. वर पाहिलं तर काठावर रेवा, माझा टॉवेल मांडीवर घेऊन, जिथे तिला सोडून निघालो होतो तिथेच बसलेली.

"छान गोल वळलास, बाबा," ती समोर बोट दाखवत म्हणाली. "पलीकडची भिंत ती."