नाही म्हणणारे वैद्यनाथराव

माझा स्वभाव चौकस आहे. साताऱ्यातले नातेवाईक त्याला भोचक म्हणतात, पण त्यांचं कोण ऐकतं? बँकेने तंजावूरला बदली केली तेव्हा मी मेल वीदी या रस्त्याच्या मागच्या गल्लीत ‘घर भाड्याने’ची पाटी बघून एक दार वाजवलं. दारात लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसलेले, भुवया आक्रसलेले एक गृहस्थ उभे राहिले.

“वरची खोली बघायला मिळेल का?” मी आधी माझं नाव सांगून मोडक्या तमिळमध्ये विचारलं.

“नाही,” ते चक्क मराठीत म्हणाले. माझ्या आडनावावरून त्यांनी मला ओळखलं होतं.

मी परत फिरणार इतक्यात आतून त्यांची पत्नी सुंदरीमामी आल्या आणि म्हणाल्या, “ते तैसेच म्हणतात. तुम्ही बसा, कॉफी घ्या.” अर्ध्या तासात खोलीची किल्ली माझ्या हातात होती. निघताना ते म्हणाले, “तुमची मराठी ऐकायास गोड आहे. थोडी बिघडली आहे, इतकंच.” तीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज इथे आले, आणि बिघडली ती माझी मराठी! मला ते तिथेच आवडले.

वैद्यनाथराव शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. पंचांग पाहिल्याशिवाय नखं काढत नाहीत. सगळ्याला आधी नाही म्हणायचं ही त्यांची सवय साऱ्या गल्लीला पाठ होती. भाजीवाल्याला नाही, देवळाच्या वर्गणीला नाही, शेजाऱ्याच्या मुंजीच्या आमंत्रणालाही नाही. मग वर्गणीही जायची आणि मुंजीत सगळ्यात आधी पानावर हेच. त्यांचं नाही म्हणजे दुसऱ्याचा नमस्कार, असं मी समजून चालले होते.

एकच नाही मात्र खरंखुरं निघालं. त्यांची एकुलती मुलगी कीर्तना कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिला जवळच्या पापनाशम गावचा सतीशकुमार आवडला होता. मुलगा तमिळ, घरची भातशेती, आणि स्वतः सिनेमाच्या युनिटमध्ये दिग्दर्शकाच्या हाताखाली. दोघांनी घरी येऊन सांगितलं, आम्ही लग्न करायचं ठरवलंय. वैद्यनाथराव नाही म्हणाले, आणि वर्ष उलटलं तरी ते तिथून हलले नाहीत.

“रजिस्टर ऑफिसात जाऊन सही करणं काय अवघड आहे?” मी एकदा कीर्तनाला विचारलं.

“मला अप्पा पाहिजेत उभे,” ती म्हणाली. “ते नसले तर मला लग्नच नको.” ती त्यांचीच मुलगी होती. तिचंही नाही तसंच होतं.

माझी झोप उडाली ती या नाहीच्या कारणापायी. मी त्यांना विचारायची आणि दर वेळी उत्तर नवं मिळायचं. मुलगा सिनेमातला आहे. दुसऱ्या आठवड्यात, त्याला महिन्याचा पगार नाही. मग, तो मोपेड फार जोरात चालवतो. एकदा तर म्हणाले, “भातावर ताक आधी घालून घेतो. आमटी नंतर. असा मनुष्य कोठे पाहिलाय?” जातीचं असेल, भाषेचं असेल, असं मी मनात धरलं होतं. पण त्यांचा धाकटा भाऊ तमिळ मुलीशी लग्न करून बसला होता आणि त्याच्या लग्नात यांनीच पुढे होऊन सगळं केलं होतं. मग अडलंय कुठे?

सतीशकुमार मात्र हटत नव्हता. दर रविवारी मोपेडवरून हजर. कधी नव्या भाताची पिशवी, कधी केळीची पानं, कधी शेतातली भेंडी. एकदा विहिरीची मोटर बंद पडली तर हा शर्ट काढून आत उतरला आणि चिखलाने माखून मोटर चालू करून वर आला. वैद्यनाथरावांनी त्याला टॉवेल दिला, कॉफी दिली आणि वर एक ‘नाही’ही दिलं. माझ्याकडून तो चार वाक्यं मराठी शिकून गेला. ती ऐकून वैद्यनाथराव मला म्हणाले, “बँकअम्मा, त्याचीही बिघडवलीत?”

त्याच सुमारास सतीशकुमारचं युनिट तंजावूरला शूटिंगला आलं. विनोदी सिनेमा होता. नायिकेच्या खडूस बापाला नायक कसा वश करतो, एवढीच गोष्ट. बापाचं काम करणारा नट ऐन वेळी आजारी पडला, आणि दिग्दर्शकाला गल्लीच्या तोंडाशी, जनरेटरच्या गाडीने स्कूटर अडवली म्हणून कडकडून भांडणारे वैद्यनाथराव दिसले. तो ओरडला म्हणे, “हाच चेहरा!” सतीशकुमारने कपाळावर हात मारला.

दिग्दर्शक संध्याकाळी घरी आला. ताटात विडा, केळी, सफरचंदं. सतरंजीवर बसला आणि रीतसर विनंती केली. वैद्यनाथराव नाही म्हणाले. तो बसून राहिला, सुंदरीमामींची कॉफी प्यायला, पुन्हा विनंती केली. तिसऱ्यांदा वैद्यनाथरावांनी ताटातलं एक केळं उचललं. मामी मला हळूच म्हणाल्या, “झालं.”

मी रजा टाकून शूटिंगला जात होते, हे बँकेत कुणाला सांगू नका. वैद्यनाथरावांना अभिनय करावाच लागला नाही. नायक भाताचं पोतं घेऊन येई, हे नाही म्हणत. नायक विहिरीत उतरून मोटर दुरुस्त करी, हे नाही म्हणत. मला हळूहळू शंका येऊ लागली. मी सतीशकुमारला एका बाजूला घेतलं. त्याने मान खाली घालून कबूल केलं की चहा पिताना त्याने आपलं रडगाणं दिग्दर्शकाला ऐकवलं होतं आणि त्या माणसाने त्याचाच सिनेमा काढला होता. “सरांना कळलं तर मेलो मी,” तो म्हणाला.

शेवटचा प्रसंग काशीयात्रेचा होता. आमच्याकडे मुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा त्याला मुलगी देतो म्हणून परत आणतो. इकडे ते लग्नात करतात. नवरदेव छत्री, काठी घेऊन संसार नको म्हणत काशीला निघतो, आणि मुलीच्या बापाने त्याच्यामागे जाऊन, हात धरून, ‘परत या, माझी मुलगी देतो’ असं म्हणायचं. सगळे हसतात, नवरदेव आढेवेढे घेतो, मग वळतो. तंजावूरच्या मराठी घरांतही हे होतंच.

नायक छत्री उघडून अंगणातून चालू लागला. वैद्यनाथराव त्याच्यामागे गेले, हात पुढे केला आणि थांबले. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबले. ऊन उतरायला लागलं तसा दिग्दर्शक घायकुतीला आला. “काय झालं सर? एकच ओळ आहे.”

“ओळ ठीक आहे,” वैद्यनाथराव तमिळमध्ये म्हणाले, “पण मी बोलवू कोणाला? हा आल्यापासून माझ्या दारातच आहे. पोतं घेऊन येतो, विहिरीत उतरतो, भेंडी आणतो. गेलाय कोठे हा? जो कधी गेलाच नाही त्याला परत ये म्हणून कैसं म्हणू? बापाचं ते एक काम असतं. तेवढंही ठेवलं नाही यांनी माझ्यासाठी.”

युनिटमधली माणसं खो खो हसली. माझ्या शेजारी बसलेली कीर्तना हसली नाही. सिनेमात भेंडी नव्हती. भेंडी आमच्या घरात आली होती. वैद्यनाथरावांनी सतीशकुमारकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी ओळखलं मी. ती मोटर माझी आहे.”

मला त्या क्षणी त्यांची अशी कीव आली की बस. वर्षभर मी पगार, जात, ताक यांत कारण शोधत होते. या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं. दोघांनी ठरवून येऊन सांगितलं होतं, आणि मग दर रविवारी येऊन, वस्तू देऊन, त्याच्याकडून होकार वसूल करायला बसले होते. मुलीच्या बापाने उठून जावं, कुणाला तरी हात धरून आणावं, ही त्यांच्या घरातली रीत. आणि त्यांना उठायला जागाच नव्हती. अखेर त्यांनी ती ओळ नुसते ओठ हलवून म्हटली. आवाज चेन्नईत दुसऱ्या कुणीतरी दिला.

त्या संध्याकाळी मी सतीशकुमारला सांगितलं, “आता येऊ नकोस.”

“कधीपर्यंत?”

“हाक येईपर्यंत.”

“आणि आली नाही तर?” त्याचा चेहरा पार उतरला होता. कीर्तना त्याला म्हणाली, “जा तू.” आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढचे रविवार फार वाईट गेले. मोपेडचा आवाज आला नाही. कीर्तना कॉलेजातून येऊन दोन घास खायची आणि खोलीत जायची. आपण नको तिथे नाक खुपसलं आणि पोरीचा संसार मोडला, या विचाराने मी ती समोर आली की नजर चुकवून वर जायची. वैद्यनाथराव फाटकाशी जाऊन उभे राहत, रस्ता बघत, परत येत. मामींना विचारत, “त्याच्या मोपेडला काही झालं असेल काय?” मामी म्हणत, “मजला काय माहीत?” मी त्याला येऊ नको म्हटल्याचं मामींनाही कळलेलं होतं.

एका सकाळी ते शर्ट घालून जिन्याखाली उभे राहिले. “बँकअम्मा, पापनाशमला जाऊन येतो. कीर्तना येते आहे. तुम्हीही या, नाहीतर तुम्हाला रात्री झोप यायची नाही.”

पापनाशमला बसमधून उतरून कालव्याच्या कडेने आम्ही सतीशकुमारच्या घरी पोचलो. ओट्यावर त्याचे वडील मणी बसले होते, उघड्या अंगाने, खांद्यावर टॉवेल. सतीशकुमार आतल्या दारात आला आणि आम्हाला पाहून थिजला. मणींनी त्याला नजरेनेच आत पाठवलं.

वैद्यनाथरावांनी हात जोडले. “तुमच्या मुलास बोलवायास आलो आहे. माझी मुलगी देतो,” ते म्हणाले. सिनेमात अडलेलं वाक्य इथे एका दमात निघालं. कीर्तनाने माझा हात घट्ट धरला.

मणी म्हणाले, “नाही.”

मी आयुष्यात असा चेहरा पाहिला नाही, जसा तेव्हा वैद्यनाथरावांचा झाला. बाराही महिने ते जो शब्द वाटत फिरत, तो त्यांना कुणी कधी परत दिलाच नव्हता.

“माझा मुलगा वर्षभर तुमच्या फाटकाशी उभा राहिला,” मणी म्हणाले. “परत येऊन जेवायचा नाही. जिथे नको म्हणतात तिथे मी मुलगा का पाठवू?”

“आमच्यात मुलीच्या बापाने येऊन बोलवायचं असतं. म्हणून आलो.”

“आमच्यात मुलाकडची माणसं ताटं घेऊन मुलीकडे जातात. तुम्ही आलात ते न कळवता, हात हलवत. आणि आज तिथी काय आहे?”

वैद्यनाथरावांचं तोंड उघडं राहिलं. पंचांगाशिवाय नखं न काढणारा माणूस मुलीच्या लग्नाचं बोलायला अष्टमीला घराबाहेर पडला होता.

“अष्टमी,” ते पुटपुटले.

“अष्टमीला कुणी लग्नाचं बोलतं?”

“नाही बोलत.”

“उद्या नवमी.”

“नवमीलाही नाही बोलत.” मग ते जरा पुढे सरकले. आवाज इतका मऊ झाला की मला ओळखू येईना. “दशमीस येऊ काय?”

“बघू,” मणी म्हणाले आणि आत बघून ताक मागवलं. ताक घेऊन सतीशकुमारच आला. त्याने पहिलं भांडं कीर्तनापुढे धरलं. मणी नजर कालव्याकडे लावून बसले. वैद्यनाथराव दोन भांडी ताक प्यायले, त्यांनी ताकाची तारीफ केली, भाताच्या वाणाची चौकशी केली, गाईची केली. मणींनी सगळ्याला एकेका शब्दात उत्तर दिलं. उठताना वैद्यनाथरावांनी पुन्हा हात जोडले. मणींनी जोडले नाहीत, पण फाटकापर्यंत सोडायला आले.

परतीच्या बसमध्ये कीर्तना खिडकीशी बसली होती, ओठ आवळून. वैद्यनाथराव तिच्या शेजारी, मी मागे. तंजावूरच्या निम्म्या वाटेवर ते तिच्याकडे वळले आणि त्रासून म्हणाले, “तुझा सासरा फार हट्टी मनुष्य आहे, कीर्तना.”