ओल्या दोराचा हिशेब

दिगंबररावांची आणि माझी पहिली भेट विहिरीच्या काठावर झाली. बोरीजवळच्या एका गावात मी नवा ग्रामसेवक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी हे कृषी अधिकारी काठावर पालथे पडून आत वाकले होते. कोणी पडलं की काय म्हणून मी धावत गेलो, तर त्यांनी माझ्या हाती दोर दिला आणि घट्ट धरायला सांगितलं. अशी आमची ओळख!

त्या दोराला परसापरसावर, म्हणजे एकेका पुरुषभर उंचीवर, गाठ होती. खाली दगड बांधलेला. दरवर्षी संक्रांतीनंतर सगळ्या विहिरींत तो सोडायचा, ओल्या गाठी मारुतीच्या पारावर सर्वांसमोर सांगायच्या आणि मगच उन्हाळी भुईमूग किती पेरायचा ते ठरायचं. शेवटच्या दोन गाठींचं पाणी फक्त पिण्यासाठी. साहेब म्हणत, "पाऊस आता पंचांग वाचत न्हाई, म्हणून आपण दोर वाचायचा."

एका वर्षी ते तापाने पडले आणि मोजणी मी केली. प्रत्येक विहिरीत पाणी गेल्या वर्षीपेक्षा दोन गाठी जास्त निघालं. मी ऐटीत पारावर आकडे सांगितले आणि लोकांनी दुप्पट पेरा ठरवला. चार दिवसांनी साहेब आले. मोजणीच्या दिवशी लाईट होती का, एवढंच त्यांनी विचारलं. दोन दिवस लाईट नव्हती, मोटारी बंद होत्या आणि झऱ्यांनी विहिरींतलं पाणी वर आणलं होतं. ते पाणी टिकणारं नव्हतं.

साहेबांनी दोर पुन्हा सोडला, पाणी दोन गाठी खाली निघालं, आणि त्यांनी गाव पारावर बोलावलं. माझं नाव आता निघणार म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. ते म्हणाले, "चूक माझी हाय. दोर माझा, मोजणी बी माझीच." निम्म्या गावाने शेंगा फोडून बी तयार ठेवलं होतं, त्यामुळे कुरकुर झाली. शेवटी गंगाबाई उठल्या. सगळ्यांत जास्त बी त्यांनीच फोडलं होतं. त्या म्हणाल्या, "फोडलेलं बी भाजून खाऊ. पाणी कुठून भाजून आणताव?" लोक हसले आणि पेरा निम्म्यावर आला.

वैशाखात आसपासच्या गावांत टँकर फिरायला लागले. आमच्या विहिरीत मी दोर सोडला. दोन गाठी ओल्या होऊन वर आल्या. मी तिथेच काठावर लाज न बाळगता रडलो. साहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि घरी जाऊन जेवायला सांगितलं. त्या चुकीचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही, म्हणून आज इथे मीच करतो आहे.

साहेबांना आज साठ वर्षं पूर्ण झाली. दोर त्यांनी माझ्याकडे सोपवला आहे, पण मोजणीला ते अजून येतात, काठावर उभे राहतात आणि आधी विचारतात, "लाईट होती का?" साहेब, तब्येत सांभाळा. तुमची शंभरी भरेपर्यंत दरवर्षी हे विचारायला या. उत्तर माहीत असलं तरी मी तुमच्या विचारण्याची वाट पाहीन आणि मगच दोर सोडीन.